जोतं एक, पावत्या दोन

गेल्या पावसाळ्यात सिंहगड रस्त्यावरच्या एका खड्ड्यानं माझ्या गाडीचा डावीकडचा लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून धरून ठेवणारा हात, खाल्ला. खड्डा पाण्यानं काठोकाठ भरलेला, त्यामुळे दिसलाच नाही. दणका असा बसला की मागच्या सीटवरची भाजीची पिशवी पुढे येऊन पडली. दुसऱ्या दिवसापासून वळण घेताना खालून कट्‌कट् आवाज. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी वर उचलून पाहिली, बॉल जॉइंट सैल झालाय म्हणाले, कॉम्प्युटरवर नंबर टाकला आणि निकाल दिला: पार्ट स्टॉकला नाही, मागवावा लागेल, पंधरा दिवस धरून चला.

आमच्या गॅरेजवाल्याला एवढा धीर नाही. त्यानं पोराला सुट्या भागांच्या बाजारात, नाना पेठेत पिटाळलं आणि तासाभरात पोरगं एक खोकं घेऊन आलं. खोक्यावर नाव मात्र माझ्या गाडीचं नव्हतं, दुसऱ्याच ब्रँडच्या गाडीचं होतं.

"काका, डोळे झाकून बसवतो. तोच आहे."

मी डोळे झाकायला तयार नव्हतो. उमेदीची बावीस वर्षं भोसरी एमआयडीसीत, पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये क्वालिटीत काढली आहेत. पत्रा हातात घेऊन पाहिल्याशिवाय त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही, ही सवय रिटायर झाल्यावरही जात नाही. जुना पेपर पसरला आणि माझा काढलेला आर्म आणि खोक्यातला नवा आर्म शेजारी शेजारी ठेवले. पत्रा दाबताना कडेला जी बारीक मुरड पडते, ती दोघांना एकाच जागी. वेल्डची शिवण जिथं संपते तिथं एक छोटा गोळा राहतो, तोही दोघांना तिथंच. आर्मच्या सांध्यातल्या बुशच्या रबरावर उठलेली वेंडरची खूण तीच. व्हर्नियर हे बारीक मापाचं हत्यार लावून छिद्रं तपासली, टेपनं त्यांच्यातली अंतरं मोजली. वेगळं होतं ते फक्त खोकं. त्यावरचा पार्ट नंबर निराळा होता आणि छापील किंमत मला सर्व्हिस सेंटरमध्ये सांगितलेल्या किमतीपेक्षा १,२४० रुपयांनी कमी.

बाराशे रुपयांसाठी कुणी लेख लिहितं का, असं घरात विचारून झालं आहे. गाडीचं नाव मी मुद्दामच लिहीत नाही, कारण तक्रार एका कंपनीची नाही. पुण्याच्या कुठल्याही पार्किंगमध्ये अशा जुळ्या बहिणींच्या चार-पाच जोड्या सहज सापडतील. एकाच पायावर अनेक मॉडेलं उभी करायची ही पद्धत चांगलीच आहे, मी तिच्या बाजूचा माणूस आहे. माझा आक्षेप एवढाच की या एकसारखेपणाची सगळी माहिती बनवणाऱ्याच्या कपाटात राहते आणि पैसे मोजणाऱ्याला ती गॅरेजवाल्याच्या अंदाजातून मिळवावी लागते. कुठला भाग कुठल्या कुठल्या गाड्यांना सामाईक आहे, हे कंपनीनं लेखी जाहीर केलं पाहिजे आणि तसं करायला कायद्यानं भाग पाडलं पाहिजे.

अनेक मॉडेलांच्या या सामाईक पायाला धंद्यात प्लॅटफॉर्म म्हणतात. त्याला मराठीत जोतं म्हणावं असं मला फार दिवस वाटतंय. शनिवारवाड्यात दिल्ली दरवाज्यातून आत गेलं की समोर जोतीच जोती दिसतात. १८२८ च्या आगीत वरचं लाकूडकाम गेलं, दगडी पाया तेवढा राहिला, आणि त्यावर कोणता महाल उभा होता हे पाटी वाचल्याशिवाय कळत नाही. मोटारीचं तसंच आहे. वरचा पत्रा, दिवे, पुढची जाळी आणि डॅशबोर्ड काढून टाका, आणि मग खालचं पाहून गाडी ओळखून दाखवा. अनुभवी मेकॅनिकही चकेल.

पुढची चाकं ओढणाऱ्या छोट्या गाडीला ही जोत्याची युक्ती जास्त मानवते, त्याला कारण आहे. अशा गाडीत सगळं खर्चाचं काम हातभर जागेत कोंबलेलं असतं. इंजिन आडवं, त्याच्या कुशीला गिअरबॉक्स, तिथून दोन्ही चाकांना जाणारे ड्राइव्ह शाफ्ट, स्टिअरिंगचा रॅक, खाली हे सगळं पेलणारी सबफ्रेम, मागे फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि माणसं यांच्यामधली पत्र्याची भिंत, आणि तिच्यावर टांगलेली पेडलं. एसीची पेटी इथंच. समोरून धडक बसली तर कुठं चुरगळायचं आणि कुठं ताठ राहायचं, हेही मुख्यतः याच भागात ठरतं. फायरवॉलच्या मागे मात्र गाडी मोकळी असते. मागच्या चाकांकडे जाणारा दांडा नाही, त्यांना जोर वाटून देणारं डिफरन्शियल नाही. मागची चाकं ओढत काही नाहीत, नुसती फिरतात. बैल पुढे जुंपले की मागची गाडी चार बोटं लांब केली काय नि आखूड केली काय, जुंपणी बदलावी लागत नाही.

१९५९ साली ब्रिटनमध्ये अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी मिनीत इंजिन आडवं बसवलं ते जागा वाचवण्यासाठी. आपल्याकडे ही मांडणी घरोघरी पोचली ती १९८३ साली आलेल्या मारुती ८०० मुळे. त्याआधीच्या अम्बॅसिडर आणि पद्मिनीत दांडा खालून मागे जायचा आणि मागच्या सीटवर मध्ये बसणाऱ्याच्या पायाखाली उंचवटा यायचा. तीन भावंडांत मी धाकटा, त्यामुळे तो उंचवटा कायम माझ्या वाट्याला.

आता फोक्सवॅगनचा कारखाना असलेल्या चाकणला या. फोक्सवॅगन समूहानं २०१२ साली एमक्यूबी नावाची मांडणी जगात आणली. तिचं मर्म एका मापात आहे: पुढच्या चाकाच्या मध्यापासून अ‍ॅक्सिलरेटरच्या पेडलपर्यंतचं अंतर कायम, बाकी व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर), रुंदी, मागची लांबी सगळं ताणता येतं. तिची छोट्या गाड्यांसाठीची आणि इथल्या खिशाला बेतलेली आवृत्ती म्हणजे एमक्यूबी ए-झीरो आयएन. २०१८ मध्ये जाहीर झालेल्या, सुमारे ८ हजार कोटींच्या प्रकल्पातून ती आली. २०२१ मध्ये समूहातल्या स्कोडाची कुशाक आणि फोक्सवॅगनची टायगुन, २०२२ मध्ये त्याच क्रमानं स्लाव्हिया आणि व्हर्टस, २०२४ च्या शेवटी स्कोडाची कायलाक. पहिल्या चौघींचा व्हीलबेस २,६५१ मिमी, कायलाकचा २,५६६. फरक ८५ मिमीचा, म्हणजे माझी चार बोटं आणि वर नखभर जागा. या पाच गाड्यांवरून मित्रमंडळींत तावातावानं वाद होतात, अमकी दणकट आणि तमकी उथळ. वाद घालणाऱ्यांची बुटं मात्र एकाच मापाच्या पेडलवर असतात.

याच चाकणच्या कारखान्यात आधी बनणारी पोलो जुन्या जोत्यावर होती. बाहेरच्या देशांत २०१७ साली पोलो नव्या एमक्यूबी ए-झीरोवर गेली, इथं मात्र जुनीच २०२२ पर्यंत चालली. एकट्या पोलोसाठी नवं जोतं घालायचं तर हिशेब बसत नाही, पाच मॉडेलांनी खर्च वाटून घेतला तर बसतो. मग सुट्या भागांचं उत्पादन इथंच करणंही परवडतं. या गाड्यांत स्थानिक भागांचं प्रमाण ९५ टक्क्यांपर्यंत नेल्याचं कंपनी सांगते. म्हणजे तेवढं काम चाकण, भोसरी, तळवडे, रांजणगाव आणि देशभरच्या अशाच वसाहतींमधल्या शेडमध्ये झालं. म्हणूनच म्हणतो की मी या पद्धतीच्या बाजूचा आहे. या गावाची बरीच पोटं तिच्यावर भरतात.

पुणेकराला तशी ही गोष्ट नवीन नाही. १९९८ च्या अखेरीस आलेली टाटांची इंडिका पिंपरीत बनली. तिच्यासाठी निसानचा ऑस्ट्रेलियातला बंद पडलेला कारखाना सुटा करून जहाजानं इकडे आणला होता. पुढं त्याच जोत्यावर २००२ मध्ये डिकी लावून इंडिगो झाली, मग मागं लांब छत ओढून मरीना झाली. २००६ च्या अर्थसंकल्पात ४ मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांचा अबकारी कर कमी झाला, तेव्हा इंडिगोची शेपटी कापून २००८ मध्ये इंडिगो सीएस काढली. आमच्या सोसायटीत एकानं ती घेतली होती. दुरून पाहिलं की कुणीतरी मागून रिव्हर्समध्ये भिंतीला ठोकलीय असं वाटायचं. पण आत माणसं ऐसपैस बसायची आणि मागं दोन बॅगा राहायच्या. नॅनोवरही इथल्याच इंजिनिअरांनी घाम गाळला. तिच्या अपयशाची कारणं लोक पुष्कळ सांगतात, त्यात मी माझं एक घालतो: तिला भावंडं नव्हती. इंजिन मागं, ओढणारी चाकं मागची, ६२४ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन तिच्यापुरतं. खर्च वाटून घ्यायला आणि सुख-दुःखाला दुसरं मॉडेलच नव्हतं. हाच धडा घेतला की काय माहीत नाही, पण त्याच घरातल्या आल्ट्रोझ आणि पंच या पुढच्या दोन छोट्या गाड्या मात्र अल्फा नावाच्या एकाच जोत्यावर आल्या, एक २०२० मध्ये, दुसरी २०२१ मध्ये.

आता पैसा कुठं मुरतो ते सांगतो, कारण ते मी आतून पाहिलं आहे. पत्र्याचा भाग काढायचा तर आधी डाय, म्हणजे पत्रा दाबायचा साचा लागतो. तिचं पोलाद, मशिनिंग, मग ट्रायल. पहिल्या ट्रायलला पत्रा फाटतो, दुसऱ्याला सुरकुततो, तिसऱ्याला माप चुकतं. आमचे टूलरूमचे लोक डायच्या एका कोपऱ्यावर दगड घासत रात्र काढायचे. हा सगळा खर्च शेवटी किती नगांवर वाटला जातो, त्यावर नगाचा भाव ठरतो. आमच्याकडे एक ब्रॅकेट होतं, महिन्याला दोन हजार नगांचं शेड्यूल. तेच ब्रॅकेट दुसऱ्या मॉडेलला लागू झालं आणि शेड्यूल सात हजारांवर गेलं. आम्ही पेढे वाटले. महिनाभरात मोटार कंपनीच्या परचेसवाल्यांचं बोलावणं आलं: नग वाढले, आता रेट खाली आणा. त्यानंतर दरवर्षी तेच, दरवर्षी थोडं खाली. तक्रार नाही, धंद्याची रीतच आहे. पण वीस पैशांसाठी आमची मान धरणाऱ्या त्या व्यवस्थेला एक नग दोन मॉडेलांत जातो हे पक्कं ठाऊक होतं, नव्हे, त्याच ज्ञानावर ती आमच्याशी भाव करत होती. तोच नग खोक्यात घालून माझ्यासमोर विकायला आला की तिची स्मरणशक्ती जाते.

या विस्मरणाची खरी किंमत मोजतात ते अनाथ गाड्यांचे मालक. तळेगावला जनरल मोटर्सचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला. २०१७ मध्ये कंपनीनं भारतात गाड्या विकणं थांबवलं, निर्यातीपुरतं चाललेलं उत्पादनही २०२० च्या डिसेंबरात संपलं. कामगारांचा लढा पुढं कैक महिने चालला, तो वेगळ्या आणि जास्त मोठ्या लेखाचा विषय आहे. कारखाना आता ह्युंदाईकडे आहे. पण इथं बनलेल्या बीट आणि स्पार्क अजून हडपसरपासून हिंजवडीपर्यंत फिरताहेत, आणि त्यांच्या मालकांचं आयुष्य हेडलाइटची काच शोधण्यात चाललंय.

याच्या उलट चित्र रांजणगावचं. फियाटच्या पुंटो आणि लिनिया तिथं बनायच्या. नाममुद्रा बाजारातून गेली तरी पुंटोवाले तितके हवालदिल झाले नाहीत, निदान इंजिनापुरते तरी नाहीत. कारण तिच्यातलं १.३ लिटरचं डिझेल इंजिन म्हणजे गावजेवणच होतं. फियाट त्याला मल्टिजेट म्हणायची, टाटांच्या व्हिस्टात ते क्वाड्राजेट झालं, मारुतीनं परवाना घेऊन स्वतः बनवलं आणि स्विफ्टच्या पाठीवर डीडीआयएस लिहिलं. प्रदूषणाचे बीएस-सिक्स नियम आले आणि २०२० मध्ये ते इंजिन इथल्या नव्या गाड्यांतून गेलं, पण लाखो स्विफ्ट आणि डिझायर रस्त्यावर आहेत तोवर पुंटोच्या इंजिनाला औषधपाणी मिळत राहील. दार, बंपर, दिवे यांचं मात्र हाल. जे सामाईक होतं ते तरलं, जे एकटं होतं ते गेलं.

सामाईकपणा हा गाडीमालकाचा विमा आहे, फक्त त्याची पॉलिसी त्याच्या हातात दिलेली नाही.

ती आहे गॅरेजवाल्यांच्या वह्यांत. आमच्या गॅरेजवाल्याकडे दोनशे पानी, ग्रीसनं काळी पडलेली एक वही आहे. डाव्या रकान्यात गाडी आणि भाग, उजव्या रकान्यात कुठल्या गाडीचा भाग 'बसतो', 'घासून बसतो' किंवा 'बसत नाही, प्रयत्न करू नये'. शेवटच्या शेऱ्याखाली दोनदा रेघ मारलेली एक नोंद होती, म्हणजे तिथं एकदा प्रयत्न झालेला असावा. फोटो काढू का म्हणून विचारलं तर त्यानं वही मिटली. "काका, ही माझी एफडी आहे." त्याचंही बरोबर. पण शहराच्या गाड्यांच्या दुरुस्तीचं ज्ञान अशा दोन-चारशे मळकट वह्यांत विखुरलेलं असावं, आणि ज्यांनी त्या गाड्या बनवल्या त्यांनी अळीमिळी गुपचिळी धरावी, याला व्यवस्था म्हणता येत नाही.

या विषयावर सरकार झोपलेलं होतं असंही नाही. २०११ मध्ये एका ग्राहकाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगानं चौकशी सुरू केली आणि २५ ऑगस्ट २०१४ ला १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची साधनं खुल्या बाजारात मिळू न देता गिऱ्हाइकाला अधिकृत दुकानात डांबून ठेवणं, हा दोष. भागांची माहिती आणि किमती संकेतस्थळावर ठेवा, असंही आदेशात होतं. कंपन्या अपिलात गेल्या, कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या. २०२२ च्या डिसेंबरात केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, त्यात मोबाइल आणि शेती अवजारांबरोबर वाहनांनाही जागा दिली. युरोपात स्वतंत्र गॅरेजांना दुरुस्तीची माहिती देण्याचा नियम २००७ चा आहे, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याचा कायदा २०१२ चा. दिशा सगळ्यांची बरोबर आहे. पण या सगळ्यात एक गृहीत लपलेलं आहे, की एक गाडी म्हणजे एक भागांची यादी. आज गाडी तशी बनतच नाही. यादी जोत्याची असते, गाडीची यादी म्हणजे तिच्यातून वेचलेली पानं. म्हणून नुसत्या किमती जाहीर करून भागणार नाही. या नंबराचा भाग आणि त्या नंबराचा भाग एकच आहे, हे वाक्य जाहीर व्हायला हवं.

माझ्या जुन्या क्षेत्रातले लोक इथं हात वर करतील, आणि त्यांचा मुद्दा पोकळ नाही. दिसायला सारखे असलेले भाग आतून वेगळे असू शकतात. बुशच्या रबराचा कडकपणा निराळा असतो, स्प्रिंगची तार अर्ध्या मिलिमीटरनं जाड असते, वजनदार मॉडेलच्या ब्रेकची डिस्क मोठी असते, आणि इंजिन कंट्रोल युनिटचं खोकं तेच असलं तरी आतला प्रोग्राम गाडीगणिक बदलतो. हे सगळं मला मान्य आहे. मीही त्या दिवशी व्हर्नियरनं रबराचा कडकपणा मोजू शकत नव्हतो. पत्रा आणि छिद्रं जुळली, रबरावरची खूण जुळली, पुढचं मी विश्वासावर सोडलं, आणि चाक सांभाळणाऱ्या भागाच्या बाबतीत विश्वासावर सोडणं बरं नव्हे. पण मग कंपनीची अधिकृत यादी हवी की नको? ती नसताना लोक थांबतात असं नाही, अंदाजानं बसवतात. लोगो ग्राइंडरनं घासून टाकलेले भाग पेठेत मिळतात. त्यातला अस्सल कुठला आणि लोगो नसलेल्या नकली भागाला मुद्दाम घासल्याची खूण कुणी केली, हे ओळखायला माझ्यासारख्यालाही भिंग लागतं. यादी लपवल्यानं नकली मालाला आळा बसत नाही, त्याला धुकं मिळतं.

व्यापारी गुपिताचा युक्तिवाद मात्र मला पटत नाही. भागात दोष निघाला की हे गुपित एका दिवसात उघडं होतं. सप्टेंबर २०२१ मध्ये मारुतीनं १,८१,७५४ गाड्या परत बोलावल्या, मोटर जनरेटर युनिट तपासायला. पत्रकात सिआझ, एर्टिगा, व्हिटारा ब्रेझा, एस-क्रॉस, एक्सएल-सिक्स अशी पाच नावं एका ओळीत होती. त्याआधी २०१५ मध्ये फोक्सवॅगनच्या डिझेल इंजिनाचं प्रदूषणाचं प्रकरण फुटलं, तेव्हा भारतात फोक्सवॅगन, स्कोडा आणि ऑडी मिळून ३ लाख २३ हजारांवर गाड्या बोलावण्यात आल्या, कारण सगळ्यांच्या पोटात इंजिनाचं कुळ एकच. दोष असतो तेव्हा नातं कबूल करायचं आणि भाव लावायची वेळ आली की ओळख नाही म्हणायचं, हे आमच्याकडच्या भाऊबंदकीसारखं झालं.

अशी यादी आली तर आणखी एक फायदा होईल: जोत्याच्या नावावर जो फुकटचा भाव खाल्ला जातो तो बंद होईल. शोरूममधला पोरगा "सर, प्लॅटफॉर्म युरोपियन आहे" म्हणतो, तेव्हा ऐकणाऱ्याच्या मनात सुरक्षिततेचं चित्र उभं राहतं. २०१४ च्या जानेवारीत गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेनं भारतातल्या गाड्यांच्या पहिल्या धडक चाचण्या जाहीर केल्या. त्यात पोलो दोनदा आपटली, एकदा एअरबॅगशिवाय आणि एकदा दोन एअरबॅगसकट. पहिलीला शून्य तारे, दुसरीला चार. जोतं तेच, कारखाना तोच, सांगाडा दोन्ही वेळा स्थिर, आणि तरी निकालात शून्य ते चार एवढी दरी. रेनॉ-निसानच्या सीएमएफ-ए कुळातली क्विड २०१६ मध्ये शून्यावर बाद झाली, त्याच कुळातली मॅग्नाइट पुढं चार तारे घेऊन आली. कुळ विचारून पत्रिका जुळवायची सवय आपण लग्नातून सोडत चाललोय, ती शोरूममध्ये कशाला न्यायची? तारा चाचणी झालेल्या गाडीचा असतो, त्या प्रकारचा आणि त्या तारखेचा. ताईनं मिळवलेला तारा धाकटीच्या काचेवर चिकटवू नये.

जाता जाता कराबद्दल. २२ सप्टेंबर २०२५ पासून ४ मीटरच्या आतल्या, छोट्या इंजिनाच्या गाड्यांना १८ टक्के जीएसटी आणि त्यापुढच्यांना ४० टक्के. म्हणजे ३,९९५ मिमीची कायलाक एका खणात आणि तेच १.० लिटरचं इंजिन घेऊन येणारी, तिच्याहून हातभरही जास्त लांब नसलेली तिची थोरली बहीण कुशाक दुसऱ्या खणात. जोतं ताणता-आखडता येतं म्हटल्यावर कंपनी ते रस्ता बघून नाही, कर बघून ताणणार. लांबीच्या टेपनं कर लावायचा हा प्रकार मला मुळातच विचित्र वाटतो, पण तो भांडणाचा निराळा विषय.

यादी करायला कुणाला नवं कार्यालय काढावं लागणार नाही. नव्या गाडीला मान्यता घेताना कंपनीला तिच्या तांत्रिक तपशिलांचे तक्ते भरून द्यावेच लागतात, आणि ते तपासणाऱ्या मोजक्या संस्थांपैकी एक, १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया), इथं कोथरूडला टेकडीवरच आहे. रोज सकाळी वेताळ टेकडी चढणारे तिच्या कुंपणाजवळून जातात. त्या तक्त्यांना एक जोडपत्र लावायला सांगा: सुरक्षिततेशी आणि झिजण्याशी संबंधित भाग, म्हणजे आर्म, लिंक रॉड, ड्राइव्ह शाफ्ट, ब्रेक, क्लच, माउंटिंग, बेअरिंग, आणि त्यातला प्रत्येक भाग कंपनीच्या किंवा तिच्या भागीदाराच्या इतर कुठल्या मॉडेलशी अदलाबदल होऊ शकतो. होत नसेल तर नाही म्हणून लिहा, तेही तितकंच उपयोगाचं आहे. खोक्यावर छापील किंमत असतेच, तिच्या खाली दोन ओळींची जागा आहे. आणि कंपनीनं बाजार सोडला तरी जोडपत्र जाहीरच राहील अशी अट घाला. भाव दोन ठेवायचे तर खुशाल ठेवा, मला किंमत-नियंत्रण नको आहे. दोन्ही भाव मला एकाच वेळी दिसले की बाकीचं नाना पेठ बघून घेईल.

माझा आर्म त्याच संध्याकाळी बसला. अलाइनमेंट करून घेतली, आवाज गेला, टायरची झीज दर महिन्याला तपासतोय. सोळाव्या दिवशी सर्व्हिस सेंटरमधून फोन आला. मुलगी नम्रपणे बोलत होती. सर, आपला पार्ट आलाय, गाडी कधी आणताय? मी म्हटलं काम झालं, आणि कुठल्या गाडीचा आर्म बसवला तेही सांगितलं. तो आणि तुमचा एकच आहे का, एवढं जरा बघून सांगाल का? पलीकडे कीबोर्ड वाजला. मग ती म्हणाली, "सर, सिस्टीममध्ये तसं काही दिसत नाहीये."